विश्लेषण : बक्षिसे जिंकण्याच्या छंदात नशीब किती, मेहनत किती?

शेजाऱ्याला सोडतीत गाडी लागली की ‘नशीबवान माणूस’ म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र कंपन्यांच्या सोडती-स्पर्धांत नेमाने भाग घेणे हा अनेकांचा वर्षानुवर्षांचा छंद आहे. अमेरिकेत अशांना ‘स्वीपर’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘कॉम्पर’. त्यांच्या लेखी नशीब सगळ्यात शेवटी येते. त्याआधी असते ती निव्वळ कारकुनी.

ही लॉटरी नव्हे का?

बक्षीस, नशीब आणि त्यासाठी मोजलेले पैसे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अमेरिकी कायद्याच्या नजरेत ती लॉटरी ठरते. ती खासगी कंपनीला चालवता येत नाही. म्हणून कंपन्या पैशांची अट काढून टाकतात आणि ‘खरेदीची सक्ती नाही’ असे छापतात. हे झाले स्वीपस्टेक्स. नशीब वगळून कौशल्यावर निकाल लावला तर ती स्पर्धा. वस्तू विकत न घेताही भाग घेता येतो, या एका ओळीवर हा सारा छंद उभा आहे. अर्थात कंपनी काही दानधर्म करत नाही. तिला तुमचा ईमेल आणि फोन क्रमांक मिळतो.

मग मेहनत कुठे लागते?

आधी निवडीत. देशभर गाजलेल्या सोडतीत लाखो नावे असतात. एखाद्या शहरातल्या दुकानाच्या, चार दिवसांत संपणाऱ्या सोडतीत जेमतेम काहीशे. शिवाय फोटो, पाककृती किंवा चार ओळी लिहून मागितल्या की निम्मे लोक कंटाळून निघून जातात. मुरलेला छंदिष्ट नेमका तिथे थांबतो.

पुढचे काम हिशेबाचे. कोणत्या सोडतीत रोज नाव देता येते, कुठे एकदाच, शेवटची तारीख कोणती, याची वही किंवा तक्ता ठेवावा लागतो. त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता आणि त्याचा स्पॅम फोल्डर रोज तपासणेही आलेच. कारण विजेत्याने ठरावीक दिवसांत उत्तर दिले नाही तर बक्षीस दुसऱ्याला जाते. टपालाच्या सोडतींत तर 3 बाय 5 इंचांच्या कार्डावर हाताने नाव-पत्ता लिहिण्याची अट असे. कार्डाचे माप चुकले की प्रवेशिका बाद.

हे नियम इतके काटेकोर का, याचे उत्तर 1975 मधल्या एका प्रकरणात सापडते. मॅकडोनाल्ड्सच्या सोडतीत ‘हव्या तितक्या प्रवेशिका’ चालणार होत्या. कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी संगणकावर सुमारे 12 लाख प्रवेशिका छापल्या आणि मोटारीसह बरीच बक्षिसे नेली. नियमात राहूनच!

यावर घर चालते का?

चालल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ओहायो राज्यातील डिफायन्स गावच्या एव्हलिन रायन यांना 10 मुले. नवऱ्याची बरीच कमाई दारूत जाई. 1950 च्या दशकात कंपन्या ‘25 शब्दांत आमच्या उत्पादनाबद्दल लिहा’ अशा स्पर्धा घेत. एव्हलिन इस्त्रीच्या टेबलाशी वही ठेवून यमके जुळवीत. परीक्षकांना काय रुचते याचाही त्यांचा अभ्यास होता. वॉशिंग मशीन, सायकल, इतकेच नव्हे तर घराच्या पहिल्या हप्त्याची रक्कमही त्यांनी स्पर्धांतून मिळवली. मुलगी टेरी रायन यांनी 2001 मध्ये ही कहाणी पुस्तकरूपात आणली, 2005 मध्ये त्यावर चित्रपटही आला. पण ती लेखणीची कमाई होती. सोडतींवर संसार बेतणे ही वेगळी गोष्ट.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे हे वेड शब्दकोड्यांनी लावले. मोठ्या बक्षिसांच्या कोड्यांना आवर घालण्यासाठी मुंबई राज्याने 1948 मध्ये कायदा केला. केंद्राच्या 1955 च्या कायद्याने महिन्याची बक्षिसे एकूण 1000 रुपयांवर आणि प्रवेशिका 2000 वर रोखल्या. ही बंधने कौशल्याच्या स्पर्धांना लागू नाहीत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये दिला. पाकिटावर बारीक अक्षरांत ‘तमिळनाडूत लागू नाही’ असे दिसते, त्याला त्या राज्याचा 1979 चा बक्षीस योजनाबंदीचा कायदा कारण आहे.

हाती किती पडते?

सोडतीतल्या बक्षिसावर आपल्याकडे सरसकट 30 टक्के प्राप्तिकर, वर उपकर. करसवलतीची मर्यादा इथे कामी येत नाही. म्हणजे 10 लाखांची गाडी लागली तर 3 लाख 12 हजार रुपये खिशातून. बक्षीस वस्तुरूपात असेल तर गाडी ताब्यात देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री कंपनीला करावी लागते. ब्रिटनमध्ये अशा बक्षिसांवर सहसा कर नसतो. अमेरिकेत असतो, म्हणून तिथे काही जण महागडी सहल नाकारतातही.

भामटे नेमका याच नियमाचा आडोसा घेतात. ‘25 लाखांची लॉटरी लागली, आधी कर भरा’ हे व्हॉट्सअ‍ॅप संदेश त्यातलेच. खरा कर तुमच्या पॅनवर जमा होतो आणि 26एएसमध्ये दिसतो. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर तो पाठवायचा नसतो. छंदिष्टाची वही इथेही उपयोगी पडते : ज्या सोडतीत नावच दिले नाही, तिचे बक्षीस लागेल कसे? पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी.