अहमदपूरकरांनो, लग्नपत्रिकेत पैसे असे वाचतात

तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची घाई सुरू होते. आधी माणसं नव्हे, घरं मोजा. किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद अशी गावनिहाय यादी केली की एकाच घरात तीन भावांच्या नावे तीन पत्रिका जात नाहीत आणि वाटणाऱ्याचं पेट्रोलही वाचतं.

खरी बचत छपाईत आहे. दुकानातलं नक्षीचं कार्ड बहुतेक वेळा तयारच आलेलं असतं. आपला मजकूर त्यावर स्क्रीन प्रिंटिंगने चढतो. त्यात प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, म्हणून मजकूर एकाच रंगात घ्या. रंगीत ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा बनतात. 100 छापा की 1000, प्लेटांचा खर्च तेवढाच. त्यामुळे मागाहून 50 प्रती वाढवणं फार महागात पडतं. थोड्या जास्तीच्या प्रती सुरुवातीलाच घ्या. अगदी कमी हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते.

निमंत्रकांत भावकीतली सगळी नावं यावीत असा आग्रह होतोच. मान जरूर राखा, पण त्यासाठी जादा पान नको. प्रूफ घरातल्या जाणत्याला वाचायला द्या. तारीख चुकली तर सगळा गठ्ठा वाया!

कुलदैवताला, मामाला, आत्याला छापील पत्रिका हवीच. मित्रमंडळींना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो किंवा पीडीएफ पाठवा आणि फोनही करा. पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून फसवणूक होते, पोलिसांनी तसे इशारे दिलेत. अशी फाइल आली तर उघडू नका.