पाकळी रंगविणारा हात

आपल्यापैकी बहुतेकांचा चित्रकलेशी आलेला संबंध एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेपाशीच संपतो. पुढे नोकरी, घर, मुलांची शिक्षणे यांत रंगपेटी माळ्यावर जाते आणि नातवंडांच्या निमित्तानेच काय ती खाली येते. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात तर असे असंख्य निवृत्त गृहस्थ भेटतात, ज्यांच्या हातांनी तीस-पस्तीस वर्षे लेथ चालविला, मायक्रोमीटरने मापे घेतली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून त्या हातांना रिमोट आणि वर्तमानपत्र एवढेच उरते. त्यांच्या पत्नींचे हातही संधिवाताने स्वयंपाकघरातून हळूहळू बाजूला होतात. अशा हातांना मी काही वर्षांपासून एक उद्योग सुचवीत आलो आहे : फुले रंगविण्याचा.

फुलेच का, असे कोणी विचारतात. चेहरा काढताना नाक जरा सरकले की चित्र फसते. पाकळी वाकडी झाली तरी ती पाकळीच राहते. झाडावरच्या दोन जास्वंदी तरी कुठे सारख्या असतात? शिवाय या कामात एकच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. बोटांची चिमूट, मनगटाचे वळण आणि डोळ्यांचे लक्ष यांना एकत्र काम मिळते.

मात्र कुंचल्याने स्मृतिभ्रंश बरा होतो, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 2015 मध्ये पंचाऐंशीच्या पुढील 256 व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यमवयात आणि उतारवयातही चित्रे, शिल्पे यांसारख्या कलांत रमणाऱ्यांमध्ये विस्मरणाच्या सुरुवातीच्या तक्रारी कमी आढळल्या. परंतु कलेमुळे मेंदू तल्लख राहिला, की मेंदू तल्लख असल्याने कला टिकली, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. मला स्वतःला त्याहून साधे कारण पुरेसे वाटते. रक्तदाबाच्या गोळीखेरीज घरातल्या वृद्धाशी बोलायला दुसरा विषय मिळतो.

‘आता या वयात काय शिकायचे?’ हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येते. इंग्लंडमधील मेरी डिलेनी या बाईंनी रंगीत कागद कातरून फुलांची चित्रे करण्यास आरंभ केला तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. पुढील सुमारे दहा वर्षांत, दृष्टी मंदावेपर्यंत, त्यांनी जवळजवळ एक हजार फुले केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

सुरुवातीस ‘वन स्ट्रोक’ ही पद्धत सोयीची. चपट्या ब्रशच्या एका कोपऱ्याला गडद आणि दुसऱ्याला पांढरा अॅक्रिलिक रंग घ्यावा. जुन्या प्लेटवर ब्रश तीन-चार वेळा एकाच जागी मागेपुढे फिरवावा, म्हणजे मधल्या भागात दोन्ही रंग एकमेकांत विरतात. आता पांढरी कड बाहेर ठेवून, ब्रश किंचित दाबून आणि हलवीत अर्धवर्तुळ काढले, की उजेड आणि छाया असलेली पाकळी एकाच फटकाऱ्यात उमटते. पानासाठी ब्रश दाबायचा, वळवायचा आणि टोकाशी येताना उभा करून उचलायचा. बारीक गोल ब्रशने आखूड स्वल्पविराम काढीत गेले की शेवंती होते. सराव कागदावर करण्याऐवजी नमुन्याचे चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवावे व वरून रंगवावे. रंग वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसले की पुन्हा कोरी पाटी!

हात बसला की पणत्या, कुंड्या, लाकडी पाट रंगवावेत. पिण्याच्या पाण्याचा माठ मात्र रंगवू नये. त्याची छिद्रे बुजली की पाझर थांबतो आणि पाणी गार होत नाही.

बोटे आखडलेली असतील तर ब्रशच्या दांड्यावर स्पंजची नळी चढवावी. जाड दांडा धरायला कमी जोर लागतो. कंपवात असलेल्यांनी औषधाचा परिणाम चांगला असतो ती वेळ निवडावी आणि कोपर टेबलावर टेकवावे. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. टर्पेंटाइनचे रंग, विशेषतः दमा असणाऱ्यांनी, टाळावेत. ब्रशचे टोक जिभेने जुळविण्याची शाळेतील सवय आता सोडावी. आणि घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर ब्रश धुण्याचे पाणी पेल्यात किंवा कपात ठेवू नका. ते सरबत समजून प्यायले जाण्याचा धोका असतो. पसरट, जड वाडगा बरा.

रंगविलेल्या कागदातून कधीकधी आजारही दिसतो. मोतीबिंदू वाढताना डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा-जांभळा रंग मंद दिसू लागतो. कमळांची चित्रे काढणारा फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यालाही हा त्रास झाला. 1923 मध्ये त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. गोकर्णाचे फूल कोणी काळपट रंगवू लागले तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

याहून गंभीर गोष्ट अर्ध्या फुलाची. पक्षाघातातून सावरत असलेल्या एका सत्तरीतील गृहस्थांच्या पत्नीने मला त्यांची जास्वंद दाखविली. पाकळ्या होत्या त्या सगळ्या उजवीकडे. डावी बाजू कोरी. ‘अहो, अर्धेच का सोडता?’ असे म्हणून म्हणून त्या थकल्या होत्या. त्यांना तो आळस वाटत होता, यजमानांना ती कटकट. वस्तुतः मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर काही रुग्णांचे डाव्या बाजूकडील लक्षच हरपते. डोळे धड असतात, पण डावीकडे काही आहे याची जाणीव होत नाही. असे रुग्ण ताटातील डावीकडची भाजीही तशीच ठेवतात. म्हणूनच डॉक्टर त्यांना फूल किंवा घड्याळ काढायला सांगतात. अशा वेळी कागदाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावावी आणि ती दिसेपर्यंत मान वळविण्यास सांगावे. फिजिओथेरपीतज्ज्ञ आणखी उपाय सुचवितात. परंतु कालपर्यंत पूर्ण फूल काढणाऱ्याने आज अचानक अर्धे काढले, किंवा हातातून ब्रश निसटला, बोलणे जड झाले, तर वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. चाकण चौकातील वाहतूक लक्षात घेता ही वेळ फार थोडी आहे.

वर्ग निवडताना चित्रे पाहण्याआधी जिना पाहावा. तळमजला किंवा लिफ्ट, पाठ असलेल्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह आणि दीड तासाहून कमी वेळ हवा. ज्येष्ठ नागरिक संघात किंवा महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात चार-सहा जणांनी मिळून शिक्षकांना बोलावले तर खर्चही विभागतो. शिकणाऱ्याच्या हातातून ब्रश घेऊन स्वतःच फूल पुरे करणारे शिक्षक टाळावेत. सुना-मुलांनीही ते करू नये. आईने गुलाब निळा रंगविला तर निळाच राहू द्यावा.

प्रत्येक कागदामागे पेन्सिलीने तारीख मात्र आठवणीने घाला. पुढच्या तपासणीला येताना रक्ताच्या अहवालांबरोबर पहिला आणि शेवटचा असे दोन कागद आणलेत, तर मलाही पाहायला आवडेल.