डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज आणि टाकीतलं ॲव्हरेज

आपल्याकडे कुणी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" पूर्वी याचं उत्तर द्यायला दोन-तीन महिने लागायचे. आता गाडी सुरू केली की समोरच्या स्क्रीनवर आकडाच येतो. १४.१, १८.६, २१.३. दशांश चिन्हासकट आलेला आकडा, तोही गाडीनेच दिलेला. त्यावर शंका कोण घेणार?

पण हा आकडा मोजलेला नसतो. तो हिशेबाने काढलेला अंदाज असतो. घरच्या गाडीत त्या अंदाजात थोडी चूक निघाली तर फार तर कुरकूर होते. त्याच आकड्यावरून मालाचं भाडं ठरायला लागलं, किंवा ड्रायव्हर प्रामाणिक आहे की नाही हे ठरायला लागलं, तर मात्र प्रकरण वेगळं होतं. आमच्या घरात ते तसं झालं, म्हणून हा लेख.

एका गाडीचे तीन आकडे

पहिला आकडा जाहिरातीतला. बोलताना आपण त्याला 'एआरएआय ॲव्हरेज' म्हणतो. त्यासाठीची चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर ठेवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे गाडी चालवतात. आपल्याकडच्या या तक्त्याला 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' म्हणतात. ती जेमतेम २० मिनिटांची असते आणि तिच्यात सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो. तिथे खड्डे नाहीत, घाट नाही, समोर आडवी येणारी म्हैस नाही. हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला, पण घरखर्च मांडायला उपयोगाचा नाही.

दुसरा आकडा डॅशबोर्डवरचा. तिसरा वहीतला, म्हणजे टाकी फुल्ल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल्ल करायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. पहिल्या आणि तिसऱ्यात फरक असतो हे सगळे मान्य करतात. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक निघाला की मात्र माणसं पंपवाल्यावर किंवा ड्रायव्हरवर संशय घेतात, स्क्रीनवर नाही.

स्क्रीनला लिटर कळतात कसे?

बहुतेकांना वाटतं की टाकीतून इंजिनकडे जाणाऱ्या नळीवर नळाच्या मीटरसारखं काहीतरी बसवलेलं असेल. सर्वसाधारण गाडीत तसं काही नसतं. इंजिनचा कॉम्प्युटर दर वेळी इंजेक्टरला सांगतो, 'इतके मिलिसेकंद उघड.' इंधनाचा दाब किती आणि इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून किती इंधन गेलं असेल याचा तो हिशेब करतो. मिनिटाला हजारो वेळा असे छोटे छोटे अंदाज काढून तो बेरीज ठेवतो. म्हणजे जे मोजलं जातं ते प्रत्यक्ष गेलेलं इंधन नसून दिलेली आज्ञा असते. स्वयंपाकघरात 'दोन चमचे तेल घाल' असं सांगितलं तर प्रत्यक्षात किती पडतं ते चमचा आणि हात यांवर अवलंबून असतं, तसंच हे. इंजेक्टर झिजला, त्याच्या टोकावर काजळी बसली किंवा इंधनाचं तापमान बदललं, तर आज्ञा तीच राहते आणि इंधन मात्र कमी-जास्त जातं. मूळ हिशेबातला गुणांक थोडा उदार ठेवला असेल तर स्क्रीन कायमच थोडं जास्त ॲव्हरेज दाखवते. कंपनीला आपला आकडा चांगला दिसलेला आवडतो, हे सांगायला बीई व्हावं लागत नाही.

अंतराचंही तसंच. गाडी चाकाचे फेरे मोजते आणि टायरच्या घेराने गुणते. नव्या टायरची खाच ८ मिलिमीटरची असेल आणि झिजून ती २ मिलिमीटरवर आली, तर चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटरने घटते. पिकअपच्या टायरला ही घट दीड ते दोन टक्के पडते. लहान झालेलं चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेतं, म्हणून किलोमीटर जास्त दिसतात. ही चूक स्क्रीनमध्येही येते आणि वहीतही, कारण दोन्हीकडे किलोमीटर त्याच मीटरवरून घेतलेले असतात. याचा एक फायदा आहे. स्क्रीन आणि वही यांत फरक पडला तर तो अंतराचा नसतो, इंधनाच्या मापाचा असतो.

चाळीस लिटर गेलं कुठे?

माझ्या मामांची पिकअप रोज बेळगावच्या मार्केट यार्डातून भाजी भरून चोर्ला घाटाने म्हापशाला जाते. गावातलं फिरणं धरून रोजचे साधारण २५० किलोमीटर, महिन्याचे ६,०००. ड्रायव्हर अकरा वर्षं तेच. आम्ही भावंडं त्यांना काका म्हणतो.

जुनी गाडी गेली आणि स्क्रीनवाली नवी आली. काही महिन्यांनी मामांनी कॅल्क्युलेटर घेतला. स्क्रीन १४.१ सांगत होती. त्या हिशेबाने महिन्याला ४२५ लिटर डिझेल लागायला हवं होतं, पण पावत्या ४६५ लिटरच्या होत्या. ४० लिटरचा फरक. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला ३,६०० रुपये. मामा तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली आणि पुढच्या पगारातून ३,००० रुपये 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवले. काकांनीही काही विचारलं नाही. फक्त सकाळी परत आल्यावर ते घरात चहाला यायचे, ते यायचे बंद झाले.

मामीने मला फोन केला. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, हे एकदा बघून जा," एवढंच म्हणाली.

आम्ही साधी चाचणी केली. एकच पंप, एकच नोझल, पहिल्या ऑटो कटला भरणं थांबवायचं, वरून टपटप करून भरायचं नाही. प्रत्येक वेळी ट्रिप मीटर आणि स्क्रीनवरचं ॲव्हरेज शून्यावर आणायचं. पहिल्या तीन टाक्या काकांनी चालवल्या, पुढच्या तीन माझ्या मामेभावाने. मार्ग तोच, माल साधारण तेवढाच.

काकांच्या तीन टाक्यांत १,४८६ किलोमीटर झाले आणि ११५ लिटर लागलं. वहीप्रमाणे १२.९, स्क्रीनप्रमाणे १४.१. मामेभावाच्या तीन टाक्यांत १,४७८ किलोमीटर आणि ११६.२ लिटर. वहीप्रमाणे १२.७, स्क्रीनप्रमाणे १३.९. दोघांच्याही हातात स्क्रीन ९ टक्के जास्त सांगत होती. मालकाचा मुलगा स्वतः गाडी चालवत होता, किल्ली त्याच्याच खिशात होती, तरी तेवढंच डिझेल 'गायब' होत होतं. उलट काकांचा हात थोडा हलका निघाला.

डिझेलची चोरी जगात होते, ते काही मी नाकारत नाही. पण चोरी असती तर ड्रायव्हर बदलल्यावर फरक बदलला असता. जो फरक कुणीही चालवलं तरी तेवढाच राहतो, तो यंत्राचा असतो.

मामांनी कागद दोनदा वाचला. कुलूप त्याच दिवशी निघालं, ३,००० रुपये परत गेले. माफी वगैरे शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. मामा स्वतः चहाचा कप घेऊन गाडीपाशी गेले, एवढं मी पाहिलं. आणखी एक गोष्ट निघाली. मामा नवीन भाडंही स्क्रीनच्या आकड्यावरूनच सांगत होते. २५० किलोमीटरच्या फेरीला ते १७.७ लिटर धरत होते आणि लागत होतं १९.४. दर फेरीला दीड-पावणेदोन लिटर ते पदरचं घालत होते.

घाट आणि सरासरीची सरासरी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. गोव्याकडे जाताना गाडी भरलेली असते, पण उतार असतो. येताना ती रिकामी असते, पण चढ असतो. १,७०० किलोची रिकामी गाडी ७५० मीटर वर चढवायला, इंजिनची कार्यक्षमता धरून, सव्वा लिटरच्या आसपास डिझेल निव्वळ उंचीसाठी जातं. उतरताना मात्र गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं इंजेक्टर पूर्ण बंद करतात आणि क्षणाचं ॲव्हरेज ९९ किंवा नुसत्या रेघा दाखवतं. न्यूट्रल करून घाट उतरवणारे डिझेल वाचवत नाहीत. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, वर इंजिन ब्रेक जातो आणि ब्रेक तापतात.

इथे हिशेबाची एक खाच आहे. जाताना १७ आणि येताना ११ मिळालं तर सरासरी किती? बहुतेक जण १४ म्हणतील. पण १२० किलोमीटरला जाताना ७.१ लिटर लागलं आणि येताना १०.९. एकूण २४० किलोमीटरला १८ लिटर, म्हणजे १३.३. दोन ॲव्हरेजची सरासरी काढायची नसते. किलोमीटरची बेरीज करायची, लिटरची बेरीज करायची आणि मग भागायचं. म्हणूनच युरोपात '१०० किलोमीटरला किती लिटर' असं मोजतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं होतं की एका गॅलनमधले मैल हा आकडा लोकांना बचतीबद्दल चकवतो. आपल्या मापात सांगायचं तर १० वरून १२ वर गेलेली गाडी १,००० किलोमीटरला जवळपास १७ लिटर वाचवते, आणि २० वरून २५ वर गेलेली गाडी फक्त १० लिटर. भाडं ठरवणाऱ्याने तरी लिटरमध्ये विचार करावा.

स्क्रीनच्या अचूकतेचा नियम करता येतो, हे युरोपने दाखवलं आहे. तिथे २०२१ पासून सर्व नव्या मोटारींना इंधनाची नोंद स्वतःच ठेवावी लागते आणि ती ५ टक्क्यांच्या आत बरोबर असावी लागते. या नोंदी गोळा करून युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये अहवाल दिला. पेट्रोल-डिझेल मोटारींचं रस्त्यावरचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं, आणि उत्सर्जन जास्त म्हणजे इंधनही त्याच प्रमाणात जास्त.

तुमच्या गाडीचा फरक काढायचा असेल तर

१. सलग पाच-सहा टाक्या एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. एका टाकीवर विसंबू नका. ऑटो कट लिटरभर मागे-पुढे होऊ शकतो आणि ४० लिटरमध्ये एक लिटर म्हणजे अडीच टक्के. सहा टाक्यांची बेरीज केली की मधल्या चुका एकमेकींत मिटतात आणि फक्त पहिली व शेवटची उरते.

२. दर वेळी भरतानाच स्क्रीन शून्यावर आणा, नाहीतर तुम्ही दोन वेगवेगळ्या प्रवासांची तुलना कराल.

३. पंपावर शंका असेल तर ५ लिटरचं प्रमाणित माप मागा. ते दाखवणं पंपाला बंधनकारक आहे. ५ लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का इतकीच सूट असते. ९ टक्क्यांचा फरक यातून निघत नाही.

४. किलोमीटरचा मीटर तपासायचा तर हमरस्त्यावर, मैलाच्या दगडांशी किंवा मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. घाटात नको, कारण जीपीएस वळणं कापतो.

५. पेट्रोलच्या गाडीत २० टक्के इथेनॉलमुळे ॲव्हरेज थोडं घटतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पण कॉम्प्युटर इंजेक्टर जास्त वेळ उघडतो, म्हणून ही घट स्क्रीनवरही दिसते. ती स्क्रीनची चूक धरू नका.

निघालेला फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पैशाचा हिशेब नेहमी वहीवरून करा. स्क्रीन टाकाऊ नाही. तिचा आकडा चुकीचा असला तरी चूक साधारण तेवढीच राहते, म्हणून कालच्यापेक्षा आज गाडी कशी चालवली हे ती बरोबर सांगते. स्क्रीनचा आकडा एकदम खाली आला तर टायरची हवा, एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक यांकडे बघा.

आणि कायम ९ टक्के असलेला फरक एके दिवशी १५ झाला, तर शोध जरूर घ्या. आधी गाडीखाली वाकून गळती बघा, मग पंपावरचं माप, मग इंजेक्टर. माणसाचं नाव त्या यादीत सगळ्यात शेवटी ठेवा.