तयार कान

गाणं शिकायला बसलं की पहिली काही वर्षं गुरू गळ्यापेक्षा कानावरच जास्त काम करतात. ‘निषाद कणसूर लागला,’ असं ते म्हणतात आणि समोरच्या शिष्याला त्यात काय चुकलं ते कळतच नाही. मग एके दिवशी तो केसाएवढा फरक त्याला ऐकू येतो. त्या दिवसापासून त्याची स्वस्थता संपते, कारण आता स्वतःचीही प्रत्येक चूक ऐकू येऊ लागते. आपल्याकडे याला ‘कान तयार होणं’ म्हणतात.

तंत्रज्ञानाच्या कंपन्या उभारणाऱ्यांमध्ये संगीत शिकलेली माणसं वारंवार भेटतात. त्याचं श्रेय बहुधा शिस्तीला, एकाग्रतेला किंवा सूर-तालातल्या गणिताला दिलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. शिस्त तालमीच्या आखाड्यातही मिळते आणि गणित गणिताच्या वर्गात. संगीत जे वेगळं देतं ती ही अस्वस्थता. मोजमापाची यंत्रं ‘सगळं ठीक’ म्हणत असताना कान ‘नाही’ म्हणतो आणि माणूस कानावर विश्वास ठेवतो.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नोरिओ ओगा. 1930 साली जन्मलेला हा जपानी तरुण टोकियोत शास्त्रीय गायन शिकत होता. आवाज बॅरिटोन, म्हणजे भरदार मधल्या पट्टीचा. 1950 साली तिथल्या एका लहान कंपनीने जपानमधला पहिला टेपरेकॉर्डर बाजारात आणला. ओगाने तो ऐकला आणि कंपनीला त्यातले दोष सांगितले. नर्तकाला आरसा लागतो तसा गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा आरसा हवा, असं त्याचं म्हणणं होतं. आणि हा आरसा तर चेहरा वाकडा दाखवत होता. इबुका आणि मोरिता या संस्थापकांनी त्याची तक्रार नुसती ऐकून घेतली नाही. शिकत असतानाच त्याला मानधन देऊन सल्लागार केलं. पुढे तो जर्मनीत गाणं शिकून आला आणि 1959 साली कंपनीत पूर्णवेळ रुजू झाला. तोवर कंपनीचं नाव सोनी झालं होतं. 1982 साली ओगा तिचा अध्यक्ष झाला.

त्याच वर्षी कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, बाजारात आली. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ती घडवली होती आणि घडवताना दोन मुद्द्यांवर ओढाताण झाली. पहिला मुद्दा आवाजाच्या बारकाव्याचा. फिलिप्सला प्रत्येक नमुना 14 बिटांत साठवणं पुरेसं वाटत होतं, सोनीने 16 बिटांचा आग्रह धरला. 14 बिटांत आवाजाच्या 16,384 पायऱ्या मिळतात, 16 बिटांत 65,536. मोठ्या आवाजात हा फरक लपून जातो. अगदी हळू लावलेल्या स्वरात मात्र तो उघडा पडतो, आणि गायकाचं अर्धं आयुष्य त्या हळू स्वरांसाठी खर्च झालेलं असतं.

दुसरा मुद्दा आकाराचा. फिलिप्सच्या मनात साडेअकरा सेंटिमीटरची तबकडी होती; कॅसेटचा कर्ण तेवढाच होता. सोनीने 12 सेंटिमीटरचा हट्ट धरला. बेथोव्हेनची नववी सिम्फनी मध्ये न तोडता एका तबकडीवर मावलीच पाहिजे, असं ओगाचं म्हणणं होतं, अशी हकिकत सोनीकडून सांगितली जाते. फिलिप्सच्या अभियंत्यांनी यामागे धंद्याची कारणंही दाखवली आहेत आणि ती खोटी नसावीत. तरी अखेर तबकडी 12 सेंटिमीटरची झाली आणि सुमारे 74 मिनिटांचं संगीत तिच्यावर मावलं.

मराठी श्रोत्याला या हट्टाचं मोल चटकन कळावं. 78 फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं चालायची. तासभर मांडायचा ख्याल अब्दुल करीम खाँसाहेबांना तेवढ्यात बसवावा लागला. ते ध्वनिमुद्रण आपण आजही जिवापाड जपतो, पण रागाचा विस्तार त्या तबकडीने कापला हे खरं. तिथे तबकडीने गाण्याची लांबी ठरवली. इथे संगीताची लांबी तबकडीचं माप ठरवणाऱ्या टेबलापर्यंत पोचली, कारण त्या टेबलाशी संगीत पुरं ऐकण्याची सवय असलेला माणूस बसला होता.

अमर बोस यांची गोष्ट याच्याच शेजारची. वडील नोनी गोपाळ बोस कोलकात्याहून अमेरिकेला गेलेले स्वातंत्र्यचळवळीतले क्रांतिकारक. मुलगा फिलाडेल्फियात वाढला, लहानपणी व्हायोलिन शिकला आणि रेडिओही दुरुस्त करू लागला. 1956 साली, एमआयटीतलं डॉक्टरेटचं काम संपत आलं असताना त्यांनी कागदावरचे सगळे आकडे पाहून एक उत्तम स्टिरिओ घेतला. घरी लावला तर व्हायोलिनचा आवाज कर्कश येत होता. आकड्यांत खोट नव्हती. नेमकं काय चुकतंय हे शोधताना त्यांच्या लक्षात आलं की सभागृहातल्या श्रोत्यापर्यंत पोचणारा बहुतेक आवाज वाद्याकडून सरळ येत नाही, भिंती आणि छतावरून परतून येतो. 1964 साली त्यांनी कंपनी काढली. पहिला स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, गोलाच्या आठव्या हिश्शाच्या आकाराचा, आत 22 छोटे स्पीकर असलेला होता. तो फारसा खपला नाही. 1968 सालच्या ‘901’मध्ये नऊ होते: एक श्रोत्याकडे तोंड केलेला आणि आठ मागच्या भिंतीकडे. हा चालला.

बोस यांच्या बाबतीत मला जास्त मोह पडतो तो त्यांच्या रियाजाचा. 1978 साली झुरिकहून बोस्टनला येताना विमानात मिळालेले हेडफोन त्यांनी कानाला लावले. इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडालं. नको असलेल्या आवाजाच्या नेमका उलट आवाज निर्माण करून तो पुसायचा, याचं गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला 1989 साली. अकरा वर्षं! शेअर बाजारात उतरलेल्या कंपनीला एवढा धीर कुणी धरू दिला नसता. बोस यांनी ती शेवटपर्यंत खासगी ठेवली, नफा संशोधनात घातला आणि 2011 साली बहुतांश शेअर, मताधिकाराविना, एमआयटीला देऊन टाकले.

स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगने कंपनी काढली नाही, पण त्याच्या कानाचा लाभ एका मोठ्या कंपनीला झाला. मूळचा तालवाद्य वाजवणारा आणि रचनाकार. 1967 साली संगणकावर स्वराला आंदोलन देताना त्याने ते वाढवत नेलं. एका टप्प्यानंतर हेलकावा ऐकू येईना, स्वराचा पोतच बदलला. समीकरणं नंतर आली, आधी कानाने पकडलं. अमेरिकी ऑर्गन कंपन्यांना त्यात काही दिसलं नाही. यामाहाने हक्क घेतले आणि 1983 साली ‘डीएक्स 7’ हा सिंथेसायझर आणला. स्टॅनफर्डला त्या पेटंटमधून दोन कोटी डॉलरहून अधिक मिळाले.

याला छेद देणारं एक उदाहरण सांगितलंच पाहिजे. वाद्यं बनवणाऱ्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी घड्याळं दुरुस्त करून वर आले; संगीताचं रीतसर शिक्षण त्यांना मिळालं नव्हतं. तरी वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलतील असा ‘मिडी’ हा करार त्यांनी आणि अमेरिकेतल्या डेव्ह स्मिथने जुळवून आणला. 1983 साली दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडली गेली. साथसंगत म्हणतात ती हीच, आणि ती वर्गात न शिकताही जमू शकते.

आपल्या संगीतात ही परीक्षा तानपुऱ्यापाशी येते. चार तारांचे सूर यंत्रातून काढणं सोपं. पण तो तानपुरा वाटत नाही. तार घोडीच्या किंचित उताराला घासत सुटते, तिच्याखालचा दोरा सरकवत नेमकी जागा सापडली की जवारी बोलू लागते आणि न छेडलेले स्वर ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 सालीच या घोडीच्या करामतीवर लिहिलं होतं. मिरजेचे कारागीर ती पिढ्यान्‌पिढ्या हाताने साधत आले. 2024 साली तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हा आवाज छोट्या पेटीत आणण्याच्या खटपटीत पडलेले बंगळुरूचे जी. राज नारायण अभियंते तर आहेतच, बासरीही वाजवतात. त्यांच्या रॅडेल कंपनीचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे आज घरोघरच्या रियाजात वाजतात.

माझ्या गाण्याच्या बाईंकडेही अशी पेटी होती. दुपारच्या मुली आल्या की बाई ती पेटी काळी चारवर लावून देत आणि स्वयंपाकघरात जात. आत कितीही भांडी वाजत असली तरी कुणाचा गंधार उतरला की तिथूनच हाक यायची. मोठ्या तानपुऱ्याची गवसणी मात्र संध्याकाळी निघे. मग त्या डोळे मिटून बसत, घोडीवरचा दोरा नखाने पुढे-मागे करत, मणी जरासा सरकवत, पुन्हा छेडत, पुन्हा सरकवत. आम्हाला केव्हाच लागलेला वाटायचा. त्या अजून ऐकत असायच्या.