जिनिव्हातील वहीतपासणी

दिवाळीस वहीपूजन करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांस हिशेबतपासणीचे नवल नाही. परंतु सरकारांनाही आपली एक वही परक्यांपुढे उघडावी लागते, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. अन्न, काम, निवारा, आरोग्य व शिक्षण हे माणसाचे हक्क होत, असे मानणारा करार संयुक्त राष्ट्रसंघाने १९६६ साली संमत केला. भारताने तो १९७९ साली स्वीकारला.

हक्क लिहिणे सोपे. ते पाळले जातात की नाही, हे पाहणार कोण? डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हास मानवी हक्क आयोगाने नेमका हाच प्रश्न एका गटाकडे सोपविला. त्या गटाच्या अध्यक्षा होत्या श्रीमती हंसाबेन मेहता, आपल्या सुरतेत १८९७ साली जन्मलेल्या! आपल्या मुलांस हे कोणी सांगते की नाही, कोण जाणे.

आजची रीत अशी : सरकारने ठरावीक मुदतीने अहवाल धाडावयाचा. १९८५ साली स्थापन झालेली अठरा तज्ज्ञांची समिती तो वाचून लेखी प्रश्न विचारते, मग प्रतिनिधींस समोर बसवून खुली चर्चा करते. सेवाभावी संस्थांची स्वतंत्र टिपणेही ती पाहते. माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. कारण वहीतील आकडा आणि गुदामातील थप्पी जुळते की नाही, यातच खरी पारख असते. अखेर निष्कर्ष प्रसिद्ध होतात. दंड नाही, जप्ती नाही.

आपल्या सरकारचे अनेक अहवाल तुंबले होते. ते एकत्र करून मे २००८ मध्ये तपासले गेले. शेतकऱ्यांच्या वाढत्या आत्महत्यांविषयी समितीने तीव्र चिंता व्यक्त केली. पुढील अहवाल २०११ पर्यंत मागितला होता. तो मुदतीत गेला नाही. वही दाखविण्यास टाळणाऱ्या पेढीस बाजारात उधार मिळत नाही. राष्ट्रांस मात्र तेवढी झळ लागत नाही.

येथे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. शिधापत्रक गावी, चूल येथे! २०१३ च्या कायद्याने पात्र कुटुंबांतील बहुतेकांस माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. हा कायदा जिनिव्हाच्या धाकाने झाला असे मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयात २००१ पासून चाललेल्या दाव्याचा त्यात मोठा वाटा आहे. तरी परगावच्या मजुरास येथे बाजारभावानेच गहू घ्यावा लागे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्या पत्रकांची परस्पर सोय झाली, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली.

ती कितीजणांस लाभली? महाराष्ट्राच्या पत्रकावर येथील रास्त भाव दुकानांतून महिन्याकाठी किती धान्य उचलले जाते, हा आकडा दिल्लीहून जाणाऱ्या पुढील अहवालात असावयास हवा. दुकानदाराच्या यंत्रात तो रोज उमटतच असतो.