ग्रहणाचा दोष की पेशींची चुकलेली गाठ?

गोंदिया-डोंगरगड लोहमार्गावरचे दरेकसा हे सालेकसा तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे वनवेष्टित गाव. अशा आडवळणाच्या गावी काय किंवा गोंदियाच्या गजबजलेल्या बाजारपेठेत काय, दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की पहिला प्रश्न मातेलाच विचारला जातो: ग्रहणात काही चिरलेस का?

वास्तविक मुखाची घडण गर्भाच्या चौथ्या आठवड्यातच सुरू होते. भावी मेंदूच्या कडेवरून सुटलेल्या पेशी चेहऱ्याच्या जागी येतात आणि त्यांचे उंचवटे तयार होतात. नाकाकडचे व गालांकडचे उंचवटे सहाव्या-सातव्या आठवड्यात एकमेकांना भिडतात आणि वरचा ओठ साकारतो. मात्र नुसते भिडणे पुरेसे नसते. दोहोंमधील पातळ आवरण विरून आतील पेशी एकजीव व्हाव्या लागतात. उंचवटे पोहोचलेच नाहीत किंवा आवरण विरले नाही, तर फट राहते. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना लोंबत असतात. जीभ खाली सरकताच ते आडवे होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत सांधले जातात. डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी हे सारे घडून गेलेले असते. त्यानंतरच्या ग्रहणात सुरी हाती धरली काय आणि न धरली काय!

या सांधणीची सूत्रे जनुकांकडे असतात. आयआरएफ-६ या जनुकातील दोषाने ओठ-टाळू दुभंगतात व खालच्या ओठावर बारीक खळगे दिसतात, हे २००२ मध्ये उलगडले. असा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तथापि बहुतेक बालकांत एकच जनुक कारणीभूत नसते. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यात गरोदरपणातील तंबाखू, मद्य, अनियंत्रित मधुमेह व अपस्माराची काही औषधे यांची भर पडते. (ही औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याविना बंद करू नयेत.) जगात सुमारे ७०० बालकांमागे एकात हे व्यंग आढळते. निर्व्यंग दांपत्याचे एक मूल असे असल्यास पुढच्या मुलाबाबतची शक्यता ३ ते ५ टक्के असते. म्हणूनच सोयरीक जुळवताना आजोबांच्या शिवलेल्या ओठाची गोष्ट दडवणे व्यर्थ आहे. ती डॉक्टरांच्या उपयोगाची माहिती आहे.

कोणी कर्माचा दाखला देईल. पण आपल्या शास्त्रात शरीररचना घडविणारे नामकर्म ज्या त्या जीवाचे स्वतःचे असते. ते मातेच्या माथी मारण्यास तेथेही आधार नाही.

चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांतील सुनांनी गर्भधारणेपूर्वीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषांवर तिचा उपयोग सिद्ध आहे. ओठ-टाळूबाबतचा पुरावा तितका ठाम नाही.

उपचाराच्या बाबतीत समाजाची परंपरा उज्ज्वल आहे. पंढरपूरचे सुपुत्र, न्यूयॉर्कस्थित डॉ. शरदकुमार दीक्षित यांची मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिरे भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रात वर्षानुवर्षे भरविली. कर्करोगात स्वरयंत्र गमावूनही ते शस्त्रक्रिया करीत राहिले. त्यांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. ओठाची साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, तर टाळूची वर्षाच्या आसपास. तोवर बाळाला उभट धरून, आईचे काढलेले दूध बोंडल्याने किंवा चमच्याने थोडे थोडे पाजावे.