बायबल कॉलेजची दोन वर्षांची पदवी : फी भरण्याआधी



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. त्या बारावी शिकलेल्या, शिवणकाम करतात. म्हणाल्या, "मला बायबल कॉलेजची असोसिएट डिग्री करायची आहे. कॉलेज अमेरिकेतलं आहे, पण अभ्यास घरूनच. ही डिग्री बीएसारखीच असते, असं सांगितलंय." एकीने विचारलं, "गटाचे पैसे धर्माच्या कामाला कशाला?" आम्ही म्हटलं, शिक्षणाचं कर्ज ते शिक्षणाचंच. पण कशासाठी देतोय, ते नीट समजून घेऊ. मग चौकशी केली.

असोसिएट डिग्री ही अमेरिकेतली पद्धत. ती साधारण दोन वर्षांची, सुमारे साठ क्रेडिटची असते. तिथली पूर्ण पदवी चार वर्षांची, सुमारे एकशेवीस क्रेडिटची. म्हणजे ही अर्धी वाट झाली, बीए नव्हे.

त्यात शिकवतात काय? जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, प्रवचन आणि समुपदेशन. पुढच्या शिक्षणात हिब्रू आणि ग्रीकही येतात, कारण बायबल मुळात मुख्यतः याच भाषांत लिहिलं गेलं. आपल्या पंडिता रमाबाईंनी या दोन्ही भाषा शिकून केडगावला बायबलचं मराठी भाषांतर केलं होतं. तेव्हा हा अभ्यास बायकांना झेपायचा नाही, असं कुणी म्हणू नये.

आता मान्यतेचं. आपल्याकडे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे कायद्याने अधिकार मिळालेल्या संस्थाच पदवी देऊ शकतात. ईश्वरविज्ञानात असं जुनं नाव म्हणजे पश्चिम बंगालमधलं सेरामपूर कॉलेज. ते १८१८ साली सुरू झालं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ मध्ये बंगालमध्ये त्याचा कायदा झाला. अनेक ठिकाणची ईश्वरविज्ञान कॉलेजं सेरामपूरच्या सिनेटला जोडलेली आहेत. पूर्वी यवतमाळला असलेलं, आता पुण्यातलं युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सिनेटचे घरून करायचे अभ्यासक्रमही आहेत.

म्हणून फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. कॉलेजला मान्यता कुणाची? त्या मान्यता देणाऱ्या संस्थेला तरी कोण ओळखतं? इथले क्रेडिट पुढे दुसरं कॉलेज धरेल का? एकूण खर्च किती, म्हणजे पुस्तकं, परीक्षा, प्रमाणपत्र सगळं धरून? आणि सरकारी नोकरी किंवा बीएडचा विचार असेल, तर ही पदवी तिथे चालते का, हे त्या कार्यालयातच विचारा. मध्यस्थाच्या शब्दावर राहू नका.

हे सगळं आम्ही बैठकीत मांडलं. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नोकरीसाठी नाही हो. मंडळीतल्या बायका दुःख घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याशी काय बोलावं, ते मला शिकायचंय. पण बीए समजून पैसे भरले असते, तर फसले असते."

त्यांनी दोन्हीकडे पत्रं पाठवली आहेत. हप्ता शिवणकामातून फेडणार, असं त्यांनी लिहून दिलंय. उत्तरं आली की कर्ज मंजूर करायचं, असं गटाने एकमताने ठरवलं. तुमच्या गटात कुणी शिकायला कर्ज मागितलं, तर नाही म्हणू नका. आधी तिच्याबरोबर बसून चौकशी करा.